मोहरीच्या रंगाची बॅग

नवरा फौजेत असला की घरात दोनच रंग उरतात. बक्से काळे, बाकी सगळं हिरवं. शिवाय प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव. बावीस वर्षं बदल्यांच्या गावी माझ्या शिलाई मशीनच्या पेटीवरसुद्धा आमचे सुभेदारसाहेबच मिरवत आलेत. जसं काही ब्लाउज तेच शिवतात.

म्हणून झाशीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली आणि बबीनाच्या छावणीतून रोज बसने जायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं: लॅपटॉपची बॅग माझी, फक्त माझी. पंचेचाळिशीत पहिली नोकरी, एवढा तोरा तर हवाच ना!

सदर बाजारातल्या दुकानदाराने मला बघताच काळी बॅग पुढे सरकवली. म्हणाला, "भाभीजी, फौजी लोग यही ले जाते हैं." झालं, ती तिथेच बाद. मग त्याने हिरवी काढली. मी डोळे वटारले. सोबत आलेल्या माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. तिने दोन्ही भाषा सोडून नुसतं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. मोहरीच्या रंगाची, कापडी, तपकिरी पट्ट्यांची, चेनवर झाकण असलेली बॅग. खांद्यावर टाकून आरशात पाहिलं तर मीच मला जरा आवडले. दुकानात आणखी वीस बॅगा होत्या, मी त्यातल्या एकीकडेही पाहिलं नाही.

घरी साहेबांनी तपासणी केली. चेन दहादा ओढली, पट्टा ताणला, पाऊस लागला तर काय होईल ते विचारलं. शेवटी मान डोलावली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी दुपारी मी केस वाळवायला अंगणात गेले. पुढच्या बदलीची कुणकुण होती, म्हणून हे बक्शांवरची पुसट नावं गडद करत बसले होते. काळे बक्से ओळीने उन्हात वाळत होते आणि ओळीच्या शेवटी माझी बॅग. तिच्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव. यांचंच.

"आता हरवायची भीती नाही," हे ब्रश पुसत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "बावीस वर्षं तुमच्या नावाचे बक्से उचलले," मी म्हटलं. "ही एक वस्तू माझी होती." आणि मला रडू आलं, याचाच जास्त राग आला.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. संध्याकाळभर टर्पेंटाइन घेऊन घासत बसले. अक्षरं गेली, पण दही सांडल्यासारखा मोठा पांढरा डाग राहिला. मी त्यांचं ताट वाढलं आणि स्वतः आत जाऊन जेवले.

सोमवारी सकाळी त्यांनी बॅग आणून दिली आणि झाकण उचलून दाखवलं. आतल्या बाजूला, जपून, बारीक अक्षरांत माझं नाव. खाली 'शिक्षिका'.

"वर नंबर लिहायचा असतो," ते म्हणाले. "तुझा काय, ते माहीत नव्हतं. म्हणून जागा सोडलीय."

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, बॅग ऊपर रख दो, मॅडमजी. मी ठेवली नाही. ती मांडीवर घेऊन झाशी येईपर्यंत झाकण उघडून पाहत होते.