जिभेवरचं साटीन

माझी मावशी नाटक कंपनीच्या कपडेपटात शिवणकाम करते, आणि तिथं तिला सगळे टाचणी म्हणतात. शिवताना तिच्या ओठांत कायम टाचण्या असतात, म्हणून. टाचण्या धरलेल्या तोंडानं ती नुसतं हुं हुं करते आणि भले भले नट मुकाट्यानं हात वर करून उभे राहतात. जाड टाचणी कुठली, बारीक कुठली, हे तिच्या ओठांना न बघता कळतं. घरातलं कुणी मात्र तिला टाचणी म्हणायला धजत नाही. तिच्या नाकावर राग असतो. तो आमच्या घराण्यातच आहे, माझ्याही नाकावर आहे.

कपडेपट रंगमंचाच्या खाली. वर छताला लागून एक लांबट खिडकी आहे, तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. दुपारी त्या पायांच्या सावल्या टांगलेल्या झग्यांवरून सरकत जातात आणि वाटतं, झगेच कुठंतरी निघालेत. लहानपणी मी तिथल्या कापडांच्या ढिगावर झोपायचे. अजूनही तिथं जरा टेकले की डोळे जड होतात.

गेल्या हिवाळ्यात मावशी तापानं फणफणली. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाला येणारा वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. मावशीनं हे फक्त मला सांगितलं आणि दम भरला, "काकांना एक अक्षर कळता कामा नये."

काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात. मी ह्या दोघांकडेच राहते. बोलणं अगदी बेताचं. पहिला घास घेतला की मान डोलावून "छान झालंय" म्हणतात, आणि तेवढ्यावर त्यांचा इतक्या वर्षांचा संसार उभा आहे, असं मला नेहमी वाटतं.

"त्यांना कळलं ना, की ते 'छान' माझी कीव करायला म्हणतील," मावशी म्हणाली. "मग मी कशाच्या भरवशावर रांधायचं?"

तेव्हापासून ती हाताच्या सवयीनं रांधत होती. कधी मीठ दुप्पट, कधी नावालाही नाही. स्वतः आमच्याबरोबर जेवायचं तिनं सोडूनच दिलं. समोर बसायची आणि काकांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. काका मान डोलवायचे, "छान झालंय." मी मूग गिळून बसायचे.

मग पलीकडच्या गल्लीतल्या चॉकलेटवालीचं बोलावणं आलं. तिच्या दुकानाचे एप्रन मावशीनं शिवून दिले होते. एका दुपारी काही जणांना वेगवेगळी चॉकलेटं चाखायला बसवणार होती ती. चॉकलेट चाखायला कसली बैठक, तोंडात टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं माझं मत. पण मावशी म्हणाली, "त्यातलं एखादं फार कडू असतं म्हणे. निदान कडू तरी लागेल मला." तिनं स्वतः शिवलेला ठेवणीतला कोट घातला आणि आम्ही गेलो.

दुकानाच्या मागच्या खोलीत पडदे ओढून घेतले होते. लांब टेबल, पांढरं कापड, प्रत्येकापुढे बशी आणि कोमट पाणी. आमच्याशिवाय एक गृहस्थ आणि एक नवं जोडपं, बस्स. चॉकलेटवाली हळू आवाजात म्हणाली, "चावायचं नाही. डोळे मिटा आणि जिभेवर विरघळू द्या. घाई करू नका."

आणि नेमकी मावशीला टेबलावरच्या कापडाची उसवलेली कड दिसली. झालं! तिनं चॉकलेटची चकती टाचणीसारखी ओठांत धरली आणि दोन्ही हातांनी ती कड दुमडायला लागली. चकती ओठांवरच पाघळली. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं तिनं ती जिभेवर घेतली.

"अगं," ती माझ्या कानात कुजबुजली, "हे साटीन आहे."

दुसरी तोंडात गेल्यावर म्हणाली, "हे जाडंभरडं. दोन धुण्यांत मऊ पडेल." मला हसू आवरेना. खोलीत ऊब होती, अर्धा अंधार होता, सगळे डोळे मिटून गप्प होते. कुणीतरी "धूर" म्हणालं, कुणी "संत्र्याची साल," आणि ते शब्द लांबून आल्यासारखे वाटले. मी पुन्हा त्या कापडांच्या ढिगावर पडले आहे आणि वरून पायांच्या सावल्या चालल्या आहेत, असं काहीसं. मधूनच डोळे किलकिले करून मी मावशीकडे बघायचे. दर चकतीला तिचा चेहरा उजळायचा आणि मग हळूहळू विझायचा. फार वाईट वाटायचं.

पुढच्या चकतीनंतर चॉकलेटवालीनं तिलाच विचारलं, "तुम्हाला काय जाणवलं?"

डोळे न उघडता मावशी म्हणाली, "छान गोड आहे."

खोलीत हशा पिकला. चॉकलेटवालीही हसली. "ह्यात साखरेचा कणसुद्धा नव्हता हं!"

मावशीनं डोळे उघडले. गृहस्थ तोंड वाकडं करून पाणी पीत होते, नवी नवरी नवऱ्याच्या बाहीत तोंड खुपसून होती. ज्या कडूसाठी ती आली होती, ते येऊन गेलं होतं आणि तिला पत्ताही लागला नव्हता. सगळ्यांना वाटलं, बाईंनी विनोद केला. मावशीही हसली. ते हसू मला बघवेना.

शेवटची चकती मिठाचे खडे घातलेली होती. तिच्यातला एक तुकडा तिनं जिभेवर ठेवला आणि उरलेली कागदात गुंडाळली. "ह्यांना नेते."

घरी काका डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकं घालून बसले होते. मावशीनं कोटही न काढता चकती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कोपरा मोडून तोंडात टाकला आणि मान डोलावली. "छान आहे."

"कसं छान? नीट सांगा."

काकांनी भिंग काढलं. घड्याळ बाजूला सारलं. मग म्हणाले, "गोड आहे. मधेच खारट लागतं." आणखी एक कोपरा मोडत म्हणाले, "हल्ली तुझ्या हातचं लागतं तसं."

मी भिंतीकडे बघत राहिले.

"कधीपासून कळलंय?" मावशीनं विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात. दूध करपलं आणि तू तिथंच उभी होतीस."

"आणि तरी छान छान करत राहिलात? खोटं?"

"अगं, तू अशी तोंडाकडे बघत बसायचीस. मी काय म्हणायला हवं होतं?"

मावशी मटकन खुर्चीत बसली. "मला काही लागत नाही हो," ती म्हणाली. "आज कडूसुद्धा लागलं नाही." आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसत रडली. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

काकांना समजूत घालता येत नाही. त्यांनी फक्त उरलेली चकती तिच्याकडे सरकवली. "चव राहू दे. जिभेला कसं लागतं, ते सांग."

"साटीन," नाक ओढत मावशी म्हणाली. "आणि मधे मधे मणी शिवलेत."

"मणी," काका म्हणाले. "बरोबर."

चव अजून परत आलेली नाही. पण आता काका चमचा घेऊन गॅसपाशी उभे असतात, आणि 'छान' म्हणायला त्यांना बंदी आहे. "कंबरेत घट्ट झालंय," असं म्हणाले की मावशी पाणी वाढवते. "नुसतं अस्तर आहे," म्हणाले की मीठ टाकते. माझ्यासमोर दोघं हे गंभीर चेहऱ्यानं करतात, आणि मी हसले तर दोघांनाही राग येतो.

परवा काकांनी चमचा तोंडात धरला आणि डोळे मिटले. मावशी वाट बघत होती.

"अंगाबरोबर बसलंय," ते म्हणाले. "काही उसवू नकोस."

मावशीनं गॅस बंद केला, तीन ताटं काढली आणि आमच्याबरोबर जेवायला बसली.