सिस्टर, हात

पडद्यावर समितीचे तीन तज्ज्ञ होते आणि चौथ्या चौकटीत माझ्या मार्गदर्शक मॅडम. मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयाच्या लिनन रूममध्ये, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून मी बसले होते. अंगावर गणवेश. ड्यूटीतून थोडा वेळ मागून घेतला होता. परिचर्या संशोधनातल्या पीएच.डी.चा आराखडा मांडायचा होता. प्रश्न सांगून झाला होता, पद्धतीकडे वळले होते. तेवढ्यात दार उघडले.

आत आले ते रुग्णालयाचे मालक आणि मुख्य सर्जन. आम्ही सगळ्या त्यांना सर म्हणतो. त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही. माझ्याकडेही पाहिले नाही. दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले.

"सिस्टर, हात."

राऊंडचा ट्रे माझ्या शेजारीच होता. मी उठले. हँडरबची, हात निर्जंतुक करायच्या द्रावाची, बाटली घेतली, दोनदा दाबली. त्यांनी हात चोळले आणि पुन्हा पुढे केले. मी नॅपकिन दिला. तो त्यांनी लॅपटॉपच्या कळफलकावर टाकला.

"चालू द्या तुमचं ते," म्हणाले आणि गेले.

समितीतल्या एका तज्ज्ञांना हसू आले. "आधी सेवा, मग संशोधन. उत्तम," ते म्हणाले. दुसऱ्यांनीही हसून घेतले. मॅडम हसल्या नाहीत.

माझ्या आराखड्याचा विषय असा होता: राऊंड घेताना डॉक्टर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याआधी हात निर्जंतुक करतात का.

आमच्याकडच्या राऊंडची पद्धत सांगितली पाहिजे. पुढे सर, त्यांच्या मागे निवासी डॉक्टर, सर्वांत शेवटी ट्रे घेतलेली परिचारिका. ट्रेमध्ये हँडरबची बाटली आणि घडी घातलेला नॅपकिन. रुग्ण तपासून झाला की सर तळवे पुढे करतात. बाटली कुठे आहे हे पाहायला मान वळवत नाहीत, ती असणारच. प्रत्येक खाटेशी बाटली अडकवायला कडी आहे, पण कडीत बाटली नसते. ती कुणी वापरत नाही म्हणून ठेवत नाहीत, आणि ट्रे येतो म्हणून कुणी वापरत नाही. नवी मुलगी रुजू झाली की औषधांचे कपाट दाखवण्याच्या आधी तिला सांगतात, "सरांना दोनदा दाबलेलं लागतं. एकदा दाबलंस तर हात तसेच धरून ठेवतात." एखाद्याने उमेदीची सगळी वर्षे वैद्यकशास्त्र शिकण्यात घालवावी आणि बाटलीचे डोके दाबायला एक पदव्युत्तर शिक्षण घेतलेली स्त्री मागे बाळगावी, यात कुणालाच काही विनोदी वाटत नव्हते. मलाही वाटत नव्हते.

माझे विद्यापीठ दूरच्या शहरात आहे. वर्ग, चर्चासत्रे, समितीच्या बैठका, सगळे पडद्यावर; निरीक्षणे मात्र ज्याने त्याने आपल्या वॉर्डात करायची. म्हणूनच मी ही पदवी निवडली. नोकरी सोडून बसण्याची चैन मला नव्हती. रुग्णालयात याची थट्टा ठरलेली. निवासी डॉक्टर मला 'ऑनलाइन डॉक्टर' म्हणत. रेंज गेली की माझी डिग्री जाते का, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असे वाटे.

बैठकीनंतर मॅडमचा फोन आला. त्या स्वतः अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेल्या परिचारिका. सांत्वन करणे त्यांच्या स्वभावात नाही.

"तुझ्या प्राथमिक निरीक्षणात डॉक्टरांचे हात जवळजवळ प्रत्येक वेळी स्वच्छ निघाले. मला ते पटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज कारण दिसलं. निरीक्षण कोण करत होतं?"

"मीच."

"आणि बाटली कुणाकडे होती?"

मी शेजारच्या ट्रेकडे पाहिले.

"तू त्यांची स्वच्छता मोजलीच नाहीस. स्वतःचा आज्ञाधारकपणा मोजलास. आकडे सुंदर आले आहेत, यात शंका नाही."

ही चूक परिचारिकेच्याच हातून होऊ शकते. बाहेरून आलेल्या कुठल्याही निरीक्षकाला ती बाटली पहिल्याच राऊंडमध्ये दिसली असती. संशोधनाच्या पद्धतीवर मी उत्तम गुण मिळवलेले होते. निरीक्षकाचा प्रभाव कसा टाळावा, यावर पानेच्या पाने लिहिली होती. आणि जिच्यामुळे सगळा अभ्यास वाकडा झाला ती वस्तू ट्रेमध्ये घेऊन मी रोज वॉर्डभर फिरत होते. मला ती दिसली नाही, कारण ते आपले कामच आहे असे मला शिकवलेले होते आणि मी ते चांगले शिकले होते.

समितीने निर्णय कळवला. निरीक्षण नव्याने करावे, बाटली देण्याची पद्धत बंद ठेवून करावे, आणि त्यासाठी रुग्णालयाची लेखी परवानगी आणावी. परवानगी नाही तर आराखडा रद्द. म्हणजे माझी पदवी त्याच माणसाच्या सहीवर येऊन थांबली होती.

आठवड्याच्या सुट्टीला मी मलकापूरला घरी गेले. आई तिथे पिठाची गिरणी चालवते. गिरणी बंद करून, केसांवरचे पीठ झटकत ती जेवायला बसली, तेव्हा मी तिला सगळे सांगितले. आम्ही बौद्ध. आईचे बालपण पाटणकडच्या एका खेड्यात गेले, बागायतदारांच्या उसात तण काढत, भांगलण करत. तिने मध्येच विचारले, "तू वत्तीस तवा तुजा हात वर आस्तो का खाली?"

"वर. बाटली वर, त्यांचे हात खाली."

आई जेवायची थांबली. "आमी भांगलाय जायाचो तवा तान लागली की मालकीन तांब्या घिऊन यायची. आमी वंजळ धरायची, ती वरनं पानी वतायची. तांब्याला आमचा हात लागू नये म्हनून. आता त्येंनी वंजळ धरली आन तू वत्तीस." तिने एक हात वर आणि एक खाली धरून पाहिला. "तरीबी खाली तूच व्हय गं? ह्ये कसं जमवलं त्येंनी?"

मी आईला शास्त्र समजावत आले आहे, जंतू, लस, रक्तदाब. हा प्रश्न मात्र तिने मांडला. तो बरोबर होता आणि माझ्या आराखड्यात नव्हता.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. निवासी डॉक्टर तिथेच बसलेले होते. सरांनी अर्ज वाचला. हसले.

"म्हणजे माझे हात तपासणार तुम्ही."

"सगळ्या डॉक्टरांचे, सर. नाव कुणाचंच येणार नाही."

"आणि पीएच.डी. झाल्यावर काय म्हणायचं तुम्हाला? डॉक्टर सिस्टर? पेशंटनं बेडपॅन मागितलं तर डॉक्टर आणणार का सिस्टर?"

निवासी डॉक्टरांनी हसण्याची जबाबदारी पार पाडली.

"ज्याला गरज असेल त्याला मी आणेन, सर. आत्ताही आणते."

त्यांना हे उत्तर आवडले नाही. त्यांनी अर्ज बाजूला सरकवला. "हे बघ," तुम्हीवरून ते तूवर आले होते, "सही करतो. दोन गोष्टी. शोधनिबंध छापलास तर पहिलं नाव माझं. आणि राऊंडची पद्धत आहे तशीच राहील. तुमच्या लोकांना आता सगळ्यातच बरोबरी पाहिजे असते, पण हे हॉस्पिटल आहे."

तुमच्या लोकांना. विचारले असते तर नर्सेसना म्हणालो, असे त्यांनी सांगितले असते. मी विचारले नाही. मुलाखतीच्या वेळी माझे आडनाव त्यांनी दोनदा विचारले होते आणि त्यानंतर गाव विचारले होते. माझ्याबरोबर निवडल्या गेलेल्या बाकीच्या मुलींना गाव विचारले नव्हते. आम्ही नंतर एकमेकींना विचारून पाहिले होते. इतके निरीक्षण कुठलीही पदवी न घेता करता येते.

"पद्धत तीच ठेवली तर अभ्यासच होत नाही, सर."

"मग नको करूस."

दुसऱ्या दिवशी राऊंडच्या आधी मी प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हँडरबची भरलेली बाटली अडकवली. स्टोअरमध्ये त्यांची खोकी पडून होती. हे करण्यासाठी परवानगी लागत नाही; न करण्याबद्दल मात्र कुणीतरी जाब विचारायला हवा होता. राऊंड सुरू झाला. मी ट्रेशिवाय उभी राहिले.

पहिल्या खाटेवर शिराळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते, हर्नियाचे ऑपरेशन झालेले. सरांनी टाके पाहिले, पोट दाबले, मागे वळले आणि तळवे पुढे केले.

"सिस्टर, हात."

"सर, बाटली खाटेच्या पायथ्याशी आहे."

तळवे तसेच राहिले. हातांना ऐकू येत नसावे, अशा थाटात ते हवेत थांबले होते. निवासी डॉक्टर फाइलमध्ये बघू लागले. वॉर्डातले नातेवाईक वळून पाहू लागले.

सुभेदारांना वाटले की सरांना खरोखरच दिसत नाही. "आवं डॉक्टर, ती बगा की, तुमच्या गुडघ्यापाशी," ते म्हणाले. "वाकायला लागंल जरा."

शेजारच्या खाटेवरची एक बाई फिसकन हसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

सर वाकले नाहीत. ते तेच हात घेऊन पुढच्या खाटेकडे निघाले. त्या खाटेवरच्या मुलीच्या पायाची जखम उघडी होती. ड्रेसिंग मी सोडायचे आणि त्यांनी जखम बघायची, असा क्रम. मी ड्रेसिंगला हात लावला नाही.

"सोडा," ते म्हणाले.

"तुम्ही हात स्वच्छ केल्याशिवाय मी ही जखम उघडणार नाही, सर."

माझा आवाज कापत होता. हेही नोंदवते, कारण धैर्याच्या गोष्टीत आवाज नेहमी खणखणीत असतो आणि तो प्रकार मला खोटा वाटतो. पण वाक्य पूर्ण झाले होते आणि ते परत घेण्यासारखे त्यात काही नव्हते.

सरांनी माझ्या पलीकडे बघितले. तिथे शिल्पा होती, नुकतीच रुजू झालेली. "तू ये," ते म्हणाले. शिल्पा आली. तिने पायथ्याची बाटली काढली, दोनदा दाबली आणि नॅपकिन सापडेना म्हणून स्वतःचा रुमाल दिला.

"बघा," सर मला म्हणाले, "होतं काम."

संध्याकाळपर्यंत माझी बदली तळमजल्यावर, उपकरणे निर्जंतुक करण्याच्या विभागात झाली. अर्ज नामंजूर होऊन परत आला. शिल्पा खाली येऊन दारात उभी राहिली. "ताई, माझं लग्न ठरतंय. आत्ता नोकरी गेली तर घरचे पुन्हा नोकरी करूच देणार न्हाईत. मला काय करायचं कळलंच न्हाई."

मी तिला म्हटले की त्या मुलीच्या जखमेला स्वच्छ हात लागले, एवढे तू केलेस. ते खरे होते. माझा राग तिच्यावर नव्हता. माझा तिरस्कार अगदी ठरावीक दिशेने जातो. त्याला मी पसरू देत नाही. ज्याला आपल्या गुडघ्याजवळची वस्तू उचलता येत नाही आणि तरीही ज्याच्या सहीवर माझे ज्ञान अडून राहते, त्याच्यासाठी तो राखून ठेवलेला आहे. हसण्याची जबाबदारी पार पाडणाऱ्यांसाठीही थोडा आहे.

त्या आठवड्यात मी राजीनामा दिला आणि समितीला कळवले की या रुग्णालयात माझा जुना अभ्यास होणार नाही आणि मला तो आता करायचाही नाही. हात स्वच्छ होतात का, हा प्रश्न अपुरा होता. कुणाचे हात कोण स्वच्छ करते, आणि ती व्यक्ती बाजूला झाली तर काय होते, हा माझा प्रश्न आहे. आधी सेवा म्हणून हसलेल्या तज्ज्ञांनी विचारले की यात विज्ञान किती आणि तक्रार किती. मी त्यांना निरीक्षणाची नवी पद्धत वाचून दाखवली, प्रत्येक पायरी, सावकाश. त्यांनी ती कागदावर उतरवून घेतली. मान्यता मिळाली आहे, पण सशर्त: मला नवे रुग्णालय ठरावीक मुदतीत शोधावे लागेल.

सध्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका रुग्णालयात मी रुजू आहे आणि तिथे अर्ज दिला आहे. मेट्रन अनुकूल आहेत. विश्वस्तांना मिरजेहून फोन गेला आहे, हे मला मेट्रननीच सांगितले. नकार येण्याचीच शक्यता अधिक. मिरजेच्या सरांचे नाव माझ्या प्रबंधात कुठेही असणार नाही. नाव देण्याइतके ते वेगळे नाहीत. तशी माणसे प्रत्येक मजल्यावर सापडतात आणि मला ती सगळी अभ्यासासाठी हवी आहेत. इथे नकार आला तर सांगलीत दुसरीकडे विचारीन, मग कराडला, मग साताऱ्याला. आणि सगळ्यांनीच दारे लावून घेतली तर नकार देणाऱ्या रुग्णालयांवरच प्रबंध लिहीन. त्या अभ्यासाला त्यांची परवानगी लागत नाही.