बामाचा पाला

"मला माहीत नाही." आमच्या नर्सरीच्या बाई गिऱ्हाइकाला तोंडावर असं सांगायच्या आणि चष्मा काढून पदराला पुसत बसायच्या. विकणाऱ्यानं असं बोललेलं तुम्ही कुठं ऐकलंय? मला तर लाज वाटायची.

तेर गावात त्यांच्याकडं मी रोपांना पाणी घालायला होतो. शाळा तिसरीपर्यंत. पण कुणी काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, असं कधी झालं नाही.

एकदा त्यांनी पुदिन्यासारखं एक रोप आणलं. पान चुरगळलं की लिंबाचा वास. नाव लेमन बाम. बाम म्हटल्यावर मी एका म्हातारीला पाला गुडघ्याला चोळायला सांगितलं. बाई हसून हसून खाली बसल्या. "आबा, हा डबीतला बाम नव्हे! याचा चहा करतात."

"मग चालतो कशावर?"

"जीव घाबरा होतो, झोप लागत नाही, त्याला थोडा उतार पडतो म्हणतात. तपासून बघितलंय, पण थोड्याच लोकांवर, थोडेच दिवस. नक्की किती, मला माहीत नाही."

मी त्यातलं 'उतार पडतो' तेवढं उचललं.

लोहाऱ्याचा एक चहावाला आला. त्याची आई झोपेच्या गोळ्या घ्यायची. बाई जेवायला गेलेल्या. मी म्हणालो, "गोळ्या उकिरड्यावर टाक. ह्यो पाला उकळून दे."

दुसऱ्या दिवशी बाईंना हे ऐटीत सांगितलं, तर त्यांनी हातातली झारी खाली ठेवली. "कशावरून सांगितलंत? रोजची गोळी एकदम तोडली तर म्हातारीचे हाल होतील. अन् गोळीवर हा काढा दिला तर गुंगी वाढायची. डॉक्टरला विचारायला नको? चला लोहाऱ्याला."

"फोन करा की."

"नंबर घेतलाय तुम्ही?"

एसटीत मला बसवेना. तिकीट चोळून चोळून त्याचीच गोळी झाली. दर फाट्याला मी उठायचो.

"बसा आबा. तुम्ही उभं राहून गाडी पळत नाही."

त्याचा चहाचा गाडा तहसीलसमोर सापडला. चहावाला म्हणाला, "गोळी कालपास्नं बंद केली. आईचे हात लई कापायलेत."

बाई नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी टोपी काढली, घातली, परत काढली. शेवटी म्हणालो, "भाऊ, म्या चुकीचं सांगितलं. मला म्हाईत नव्हतं."

त्याच पावली म्हातारीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळी परत चालू केली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

येताना बाईंनी विचारलं, "लई जड गेलं का हो, आबा?"

"खताचं पोतं परवडलं."

औंदा बाई वारल्या. मला एका जागी बसवत नाही. नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली उगाच येरझारा घालतो. लेमन बाम आमच्या उन्हात टिकत नाही, तरी एक कुंडी जगवलीय.

परवा एकानं विचारलं, "आजोबा, ह्यानं झोप येती का?"

मी पान चुरगळून त्याच्या नाकापाशी धरलं. "वास झ्याक हाय. म्होरचं मला म्हाईत न्हाय."

तो न घेताच निघून गेला. मी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसत बसलो.