नेपाळात शाळा सुटली!

बाभुळगावच्या आमच्या शाळेचा स्टाफ उन्हाळ्यात नेपाळला जाऊन आला, त्याला आता दोन वर्षं होतील. पण एकानं किस्सा काढला की दुसरा लगेच, "थांबा, ते तर राह्यलंच!" म्हणतो. शेवटचा तास बुडायची वेळ येते!

इतिहासाचे भुसारी सर पहिल्यांदाच परदेशी चालले होते. म्हणून भर मे महिन्यात कोट! सोनौलीच्या सरहद्दीवरच्या कमानीखालून सगळे पायीच पलीकडे गेलो, कोणी अडवलं नाही. सरांचा हिरमोड झाला. स्वतःच तिथल्या पोलिसाजवळ जाऊन म्हणाले, "साहब, मैं भारत से आया हूँ!"

पोलीस म्हणाला, "तो? सब वहीं से आते हैं।"

पुढं नारायणीच्या काठावर भूगोलाचे राठोड सर रंगात आले. "हीच नदी खाली बिहारात गंडक होते."

भुसारी सर म्हणाले, "सासरी गेली, नाव बदललं!"

विज्ञानाच्या ठाकरे मॅडम भडकल्या. "मी नाही बदललं. नदीले कायले बदलायले लावता?"

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. ड्रॉइंगच्या वानखडे सरांनी परत आल्यावरही घड्याळ मागं केलंच नाही. एक दिवस घंटेआधीच बॅग घेऊन निघाले. हेडसरांनी हटकलं, "काहून हो?"

"सर, नेपाळात शाळा सुटली!"

पण सगळ्यात भारी किस्सा राठोड सरांच्या आईचा. म्हातारी बंजारा तांड्यावरची, सर तिला 'याडी' म्हणतात, म्हणून आम्हीही. काठमांडूच्या देवळात, गर्दीत याडी हरवली! जवळ फोन नाही, हॉटेलचं नाव माहीत नाही. आम्ही चहूकडे पांगलो. राठोड सर दिसेल त्याला आईचा फोटो दाखवत सुटले. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी तर, "मीच हात सोडला हो," म्हणून रडून राह्यल्या होत्या.

शेवटी ठाकरे मॅडमनी हाक मारली. मागच्या घाटाच्या पायरीवर याडी एका नेपाळी आजीला खेटून बसली होती. दोघी एकमेकींच्या बांगड्या चाचपत, टाळ्या देत हसत होत्या!

वहिनींनी धावत जाऊन सासूला मिठी मारली. आम्हा सगळ्यांच्याच जिवात जीव आला.

मी विचारलं, "याडी, तुले नेपाळी येते?"

"नाही बा."

"या आजीले तुमची बंजाऱ्यांची गोरबोली?"

"तिले कुठून येईन?"

"मग एवढा वेळ काय बोलून राह्यल्या होत्या?"

वहिनींच्या मिठीतूनच याडी म्हणाली, "तिची सून बी अशीच हाय म्हणे!"