सारवलेलं घर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्हाला चढावीच लागली, कारण पिंजऱ्यात माझी थोरली बहीण उभी होती. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली त्या दिवसांतली ही गोष्ट. बुऱ्हाणपूरच्या मॅजिस्ट्रेटला एवढंच ठरवायचं होतं, की नवऱ्याच्या खुनाचा खटला अक्कावर प्रथमदर्शनी उभा राहतो का. राहिला, तर तिची रवानगी खंडव्याच्या तुरुंगात आणि केस सेशनमध्ये.

भाऊजी माळ्याच्या शिडीवरून पडले, असं ती पहिल्यापासून सांगत होती. दीर म्हणत होता, हिने चुलीपाशी त्याच्या डोक्यात मुसळ घातलं आणि मग त्याला शिडीखाली ओढून नेलं. शेजारणीने भांडण ऐकलं होतं. आता कुणाच्या घरातलं भांडण शेजारणीला ऐकू जात नाही? रक्त कुठे सांडलं होतं, त्यावर सगळं होतं, आणि ते रक्तच उरलं नव्हतं. प्रेत दवाखान्यात नेल्याबरोबर आमच्या आईने चालीप्रमाणे जागा शेणाने सारवली, पीठ पसरून त्यावर टोपली झाकली, दिवा लावला. जागाच नव्हे, चुलीपासून दारापर्यंत सगळं घर सारवलं. दिराने तक्रार दिली आणि पोलीस पंचनाम्याला आले ते दुसऱ्या दिवशी.

सरकारी वकील म्हणाला, पुरावा नाहीसा केला. त्या माणसाचा मला अजून राग येतो. आई कुणी न बोलावता उठली.

"साहेब, सारवलं तं म्या. मानूस गेल्यावर घर तसंच ठेवतेत का?"

साहेबांनी तिला समजुतीने सांगितलं, की पोरीने खून केला असं ते म्हणत नाहीत. तिला जाब विचारण्याजोगं काही आहे का, एवढंच इथे पाहायचं असतं.

"मंग इचारा न इथंच. पोरगी समोर उभी हाय."

अक्काला खंडव्याला नेलं.

तिथे ती निर्दोष सुटली. माहेरी आली, तेव्हा घरात कुणी तो विषय काढला नाही. आम्हाला वाटलं, हीच माया. एकदा विळीवर कच्ची केळी चिरता चिरता ती म्हणाली, "माय, खंडव्याले जजसाहेबानं इचारलं, तू मारलं का म्हनून. तू नाही इचारलं कधी."

आईने चिरलेल्या फोडी पाण्यात टाकल्या.

"इचारलं असतं अन् तू हो म्हनली असती, तं?"

अक्का विळी तशीच सोडून मागच्या दारी गेली आणि मोठ्याने रडली. तुरुंगातून आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.