आत्याची खीर आणि विश्वशांती

माझ्या आत्याच्या घरून उपाशी परत आलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा, मीटर बघायला येणारा, चुकून बेल वाजवून 'सॉरी, मजला चुकला' म्हणणारा, या सगळ्यांनी तिच्याकडे निदान वाटीभर काहीतरी खाल्लेलं आहे. बाळकुमच्या तिच्या सोसायटीचे चेअरमन एकदा तिच्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या बाल्कनीत गळतं अशी तक्रार घेऊन तावातावाने आले. जाताना त्यांच्या हातात घारग्यांचा डबा होता आणि तक्रारीचं नावही तोंडात नव्हतं. कुंड्या अजून गळतात. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तो असतानाच ती नौपाड्यातल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली आणि तिथूनच हेडक्लार्क होऊन निवृत्त झाली. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, पण दारात माणूस दिसला की तिचा पहिला प्रश्न 'कोण' असा नसतो, 'जेवलास का' असा असतो.

आमचं घर आजोबांपासून बौद्ध. बाकीच्यांनी धम्म पुस्तकांतून घेतला, आत्याने स्वयंपाकघरातून. तिच्या मते सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली ती झाडामुळे नाही, ध्यानामुळे तर नाहीच नाही, सुजाताच्या खिरीमुळे. "सहा वर्षं उपाशी राहून बघितलं त्यांनी. काय हाती लागलं? बरगड्या. मग त्या पोरीने खीर दिली, ती खाल्ली, आणि मग झाडाखाली बसले. आधी खीर, मग झाड." आमच्या विहारात एका विद्वान वक्त्याने खिरीचा उल्लेख न करता थेट बोधीपर्यंत मजल मारली, तेव्हा आत्याने पहिल्या रांगेतून उठून त्याला परत खिरीपाशी आणून सोडलं होतं. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या की "न जेवता बैठकीला बसतात ही माणसं" एवढंच तिचं परराष्ट्रधोरण. एकदा कोणाच्या तरी आग्रहावरून ती ध्यानशिबिराला गेली. तिथे मौन पाळायचं असतं. ते तिने कसोशीने पाळलं, फक्त प्रत्येक बाईला हाताने खूण करून जेवलीस का विचारत राहिली. संध्याकाळी नुसता चहा आणि मुरमुरे मिळतात हे कळल्यावर घरून आणलेला चिवडा तिने खोल्याखोल्यांतून वाटला. शिबिराच्या ताई समज द्यायला आल्या, तर त्यांच्याही हातावर मूठभर ठेवला.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि आमच्या घरात बरीच वर्षं ते तसंच नेलं गेलं. पण माझ्या या बौद्ध आत्याला हिंदूंचे सगळे उपास पाठ आहेत. संकष्टी कधी, चंद्रोदय किती वाजता, कोणाला वरी चालते आणि कोणाला राजगिरा, सगळं तोंडावर. ते कुठून शिकली हे एकदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं. कचेरीत दुपारी बायका डबे उघडून बसत, एकमेकींच्या डब्यांत हात जात, आणि आत्याने आपला डबा पुढे केला की "आज नको हं, माझा उपास आहे." उपास असलेल्या बाईच्या हातात शेजारणीच्या डब्यातलं अर्धं थालीपीठ असायचं. आत्या भांडली नाही. तिने उपास पाठ केले. संकष्टीला हळद-मोहरी न घालता साबुदाण्याची खिचडी नेली, तर "मला साबुदाणा बाधतो." वरीचे तांदूळ नेले, तर "आज काहीच घेत नाही मी." शेवटी तिने केळी नेली. केळी सगळ्यांनी घेतली. केळ्याला साल असते. "वाईट नव्हत्या रे त्या," आत्या म्हणते, "ह्यांच्या आजारपणात माझं सगळं काम आळीपाळीने त्याच करायच्या." हे ती हसून सांगते. मला त्या चांगुलपणाचा अजून राग येतो.

म्हणून कल्याणला बुद्धपौर्णिमेला आंतरराष्ट्रीय धम्म संमेलन भरणार, देशोदेशीचे भिक्खू येणार आणि विश्वशांतीचा संदेश देणार, असं कळलं तेव्हा आत्याने संदेशाची चौकशी केली नाही. भिक्खू जेवणार कुठे एवढंच विचारलं. समितीकडे जाऊन, बसून, चिवटपणे तिने भोजनदानाची खीर आपल्याकडे घेतली. मी म्हटलं, आपल्या विहारातले भन्ते दर वर्षी तुझी खीर खातातच की. "ते आपलेच," ती म्हणाली. "ज्याला मी कोण, कुठली हे माहीत नाही, त्याने घ्यायला पाहिजे. भिक्खू पात्रात पडेल ते घेतो. कोणी रांधलं ते विचारत नाही." तिला एवढंच हवं होतं. समुद्रापलीकडून आलेल्या एका अनोळखी माणसाच्या पात्रात आपल्या हाताने एक डाव खीर घालायची.

त्या दिवशी पहाटेच उठून तिने खीर आटवली. पातेलं रिक्षात मांडीवर घेऊन ती माझ्याबरोबर काशेळी-भिवंडीमार्गे कल्याणला निघाली आणि रस्ताभर रिक्षावाल्याला "हळू रे बाबा, भन्तेंचं आहे" सांगत राहिली. मैदानावर मंडप होता, कापडी बोधिवृक्ष होता, शांततेवर चोहोबाजूंनी गाणी लागली होती आणि कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. व्यासपीठावर श्रीलंकेचे, थायलंडचे, म्यानमारचे भिक्खू मांडीत पात्रं घेऊन ओळीने बसले होते. कार्यक्रमपत्रिकेत आधी दीपप्रज्वलन, मग भोजनदान, मग भाषणं. दीपप्रज्वलन प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे साहेबांच्या हस्ते होतं. आणि साहेब अजून ठाण्यातून निघाले नव्हते.

भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. हा नियम आत्याला माहीत होता, तसा समितीच्या सचिवांनाही माहीत होता. अकरा वाजून गेले तशी आत्या पातेल्याजवळून उठली आणि सचिवांना जाऊन भिडली. "आधी भन्तेंना वाढून घ्या."

"मावशी, साहेब आल्याशिवाय दीपप्रज्वलन नाही आणि दीपप्रज्वलनाशिवाय पुढचं काही नाही. प्रोटोकॉल असतो."

"दिवा संध्याकाळीपण लावता येतो. भन्तेंना संध्याकाळी जेवता येत नाही."

"पाच मिनिटं. साहेब माजिवड्याला पोचलेत."

"सकाळी पण माजिवड्यालाच होते ते," आत्या म्हणाली.

मग ती सरळ पातेलं उचलून पायऱ्या चढायला लागली. दोन स्वयंसेवकांनी तिला अडवलं, अगदी अदबीने, 'मावशी, मावशी' करत. मीही पुढे होऊन बोललो, पण समितीचा बिल्ला लावलेल्या माणसापुढे भाच्याला कोण विचारतो. आत्या पायऱ्यांच्या खाली पातेलं घेऊन उभी राहिली. वर भिक्खू निश्चल बसले होते, त्यांचं काही मागणंच नव्हतं. पाहुण्यांनी उठून जेवण मागावं अशी त्यांची रीत नाही, आणि यजमानांना साहेबांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. बारा वाजले. आत्याने पातेलं खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

नंतर साहेब आले. हार झाले, दिवा झाला, शांततेवर भरपूर भाषण झालं. मग फोटोग्राफरला भोजनदानाची आठवण झाली. "आई, जरा बाजूला," म्हणत साहेबांनी पायऱ्यांपाशी आत्याच्या हातातला खिरीचा डाव घेतला आणि वर जाऊन पहिल्या भन्तेंसमोर धरला. ते श्रीलंकेचे होते, वयाने आत्याएवढेच असतील. त्यांनी शांतपणे पात्रावर तळहात ठेवला. साहेबांना कळेना. "साहेब, तसाच धरा," फोटोग्राफर म्हणाला. साहेबांनी तसाच धरला. झाकलेल्या पात्रावर खिरीचा डाव, असा तो फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी छापूनही आला. उतरताना सचिवांनी साहेबांनाच वाटी पुढे केली, तर "नको, शुगर आहे." बाकीची खीर मंडपातल्या लोकांनी पंगतीला खाल्ली आणि फार वाखाणली. मला त्या प्रत्येकाचा राग आला, उगाचच.

व्यासपीठावरची गर्दी पांगल्यावर आत्या वर गेली. तिच्या हातात डाव होता आणि डावात तळाची थोडी खीर. ती वाढायला गेली नव्हती, तिला नियम माहीत होता. ती नुसती त्या म्हाताऱ्या भन्तेंसमोर जाऊन उभी राहिली. भन्तेंनी पुन्हा पात्रावर हात ठेवला, मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. दुभाषा खाली पंगतीत बसला होता. आत्या वाकून वंदन करून परत आली.

परतताना रिक्षात मी मनातलं सगळं बोलून टाकलं. साहेब, सचिव, समिती, कोणाला सोडलं नाही. आपल्याच माणसांनी आपल्याच मंडपात तुझी खीर बाटवली, असंही म्हणालो. आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू भन्तेंना बघितलंस का, नाही म्हणताना? ऑफिसातल्या बाया डब्याकडे बघून नाही म्हणायच्या. माझ्याकडे कोणी बघायचं नाही. ह्यांनी माझ्याकडे बघून नाही म्हटलं." आणि खरंच सांगतो, ती खूष होती. आयुष्यभर रांधून, वाढून, लोकांच्या मागे डबे घेऊन फिरून या बाईच्या पदरात काय पडलं, तर एक बरा नकार, आणि तेवढ्यानेच तिचं पोट भरलं होतं. काशेळीचा पूल आला तेव्हा मी तिच्याकडे वळलो, तर रिकामं पातेलं मांडीवर तसंच धरून तिला झोप लागली होती. सकाळपासून तिनेही काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.