हात थांबवणारी गोळी

साखरखेर्ड्यात हातशेवया करणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या, आणि त्यांत सत्यभामाबाईंचा हात सगळ्यांत वरचा. कणकेचा गोळा ओढत, दुमडत, पुन्हा ओढत त्या अशी तार काढत की काठीवर वाळत टाकली तर वाऱ्याने झुलावी, पण तुटू नये. साठी उलटली आणि त्या हातांना कंप सुटला. आधी कप बशीत वाजू लागला, मग तार तुटू लागली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासून गोळी लिहून दिली, आणि हात विहिरीतल्या पाण्यासारखे निवळले. तेव्हापासून त्या भेटेल त्याच्यासमोर पंजे पसरून म्हणत, "पाह्य, हालते का?"

शेजारच्या मनकर्णाबाईंना जुना दमा. पंप ओढला की छाती मोकळी होई, पण मग हात लटलट कापत. यंदा त्यांच्या नातीचं, प्राचीचं लग्न ठरलं. रुखवतातल्या शेवया आजीच्या हातच्या असाव्यात असा घरचा रिवाज. चैत्रातल्या एका सकाळी अंगणात पाट मांडले गेले, बाया जमल्या, आणि मनकर्णाबाईंची पहिलीच तार तीन ठिकाणी तुटली.

"नातीच्या रुखवतात बाजारच्या शेवया ठेवू का मी आता?" त्या म्हणाल्या.

"रडून काऊन राह्यली? माही गोळी घे," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"तुही गोळी मले चालन का व?"

"काऊन नाही चालन? माहे हात, अन् तुहे का खुरं हायेत?"

बाया हसल्या. विरजण, कढीपत्ता, गुडघ्याचं मलम, सगळं भिंतीवरून इकडचं तिकडे जात होतं. तशीच गोळीही गेली.

ऊन चढेपर्यंत मनकर्णाबाईंचे हात थांबले. तार उतरू लागली, केसासारखी. सत्यभामाबाईंना ती स्वतःच्याच हातांतून उतरल्यासारखी वाटली. मग मनकर्णाबाई मधेच थांबल्या. छातीत शिट्टी वाजू लागली. त्यांनी पंप ओढला, पुन्हा ओढला. नेहमी मोकळी होणारी छाती आज आवळतच गेली. ओठ काळवंडले. मनकर्णाबाईंचा मुलगा ज्ञानेश्वर याने गाडी काढली. सत्यभामाबाई पिठाच्या हातांनीच मागे बसल्या आणि वाटभर त्यांनी मैत्रिणीची पाठ धरून ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंडावर मास्क चढवला. औषधाची वाफ गेली, पण श्वास सुटेना. पंपाशिवाय आणखी काही घेतलं का, असं त्यांनी विचारलं. ज्ञानेश्वर म्हणाला, काहीच नाही. मनकर्णाबाईंना बोलता येत नव्हतं. सत्यभामाबाई दाराशी उभ्या होत्या. गोळीनं तर आपलं भलंच केलं होतं, ती कोणाला कशी बाधेल? शिवाय सांगितलं तर दोन घरांमध्ये काय उरेल, हेही त्यांना दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

"मी देल्ली," सत्यभामाबाई म्हणाल्या. "हात कापनं थांबाची गोळी. सकाळी देल्ली." आणि त्यांनी कमरेच्या बटव्यातून पाकीट काढून पुढे केलं.

डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं आणि मास्कमधल्या औषधात दुसरं औषध मिसळलं, शिरेतूनही एक सोडलं. हळूहळू शिट्टी बारीक झाली. ओठांवर रंग आला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. काळजाचे ठोके, घाम, श्वासाच्या नळ्या ही कामं शरीर आपल्याला न विचारता करतं. त्यांच्या नसा रसायन सोडतात, ते ठरल्या जागी बसलं की काम होतं. पंपातलं औषध त्याच रसायनाची नक्कल. ते श्वासनळ्यांवर बसतं, नळ्या सैल होतात. त्यातलं थोडं रक्तातून हातांपर्यंत जातं, म्हणून हात कापतात. सत्यभामाबाईंची गोळी नेमक्या त्याच जागा अडवते. हात थांबतात, पण नळ्यांवरची जागाही अडते. दमा नसलेल्याला ते सोसतं, दमेकऱ्याला नाही. नळ्या आवळणाऱ्या नसा मात्र वेगळ्या, आणि मास्कमध्ये नंतर मिसळलेलं औषध त्यांना अडवत होतं.

सत्यभामाबाईंनी ते आपल्या परीनं समजून घेतलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सगळ्या जागा धराव्यात आणि खरा उतारू उभाच राहावा, तसं झालं होतं. रुमाल त्यांनी टाकला होता.

परतीच्या गाडीत ज्ञानेश्वरनं आरसा त्यांच्यावरून दुसरीकडे फिरवला.

मनकर्णाबाई घरी आल्यावर सत्यभामाबाई अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. रुखवताच्या शेवया मी एकटीनं करून देते, एवढंच त्या म्हणाल्या. मनकर्णाबाईंनी पंप ओढला. थोड्या वेळानं त्यांचे हात कापू लागले, तसा त्यांनी पाट पुढे ओढला.

"कापू दे," त्या म्हणाल्या. "कापून राह्यले म्हणजे दवाई पोचली. बस."

दोघी समोरासमोर बसल्या. एकीच्या तारा लांब उतरत होत्या, दुसरीच्या आखूड. दोन्ही एकाच काठीवर पडत गेल्या. ज्ञानेश्वर अंगणातून गेला, आईपाशी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि सत्यभामाबाईंकडे न बघता निघून गेला.